खुराड्याला नोटीस

गाव मोठं झालं की सगळ्यात आधी काय बदलतं? पाटी बदलते. 'ग्रामपंचायत' पुसून तिथे 'नगरपंचायत' रंगवलं जातं. मग घरपट्टीची पावती बदलते, घंटागाडी येते, रस्त्यावर दिवे लागतात, चौकाला एखाद्या थोर पुरुषाचं नाव मिळतं. हे सगळं हवंच असतं, नको कोण म्हणेल? पण याच्यासोबत आणखी एक गोष्ट येते. तिची बातमी पेपरात आतल्या पानावर तीन ओळींत छापून येते आणि चहा पिता पिता आपण ते पान उलटतो. 'शहराच्या हद्दीत कोंबड्या-शेळ्या पाळणाऱ्यांवर कारवाई' अशी ती बातमी असते. मैत्रिणींनो, आज मला त्या तीन ओळींबद्दलच लिहायचं आहे. कारण त्या ओळींत कुठेही 'बाई' हा शब्द नसला तरी ती कारवाई बहुतेक वेळा बाईवर झालेली असते.

आधी हे होतं कसं ते बघू. २०१४ साली राज्य सरकारने तालुक्याचं मुख्यालय असलेल्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करायचा निर्णय घेतला. मोठ्या शहरांच्या कडेलाही असंच चाललं आहे. पुणे महापालिकेत २०१७ साली ११ गावं आली, २०२१ साली आणखी २३ आली. (त्यातली दोन पुढे वेगळी झाली, ते सोडा.) माणसं तीच, घरं तीच, परसातलं खुराडंही तेच. फक्त हद्दीची रेघ घरावरून पुढे सरकली. काल संध्याकाळी जी कोंबडी गावातली होती ती आज सकाळी शहरातली झाली! बिचारीला त्याचा पत्ताही नसतो. पण कार्यालयाला असतो.

बचत गटांच्या कामात मला आता पंधराएक वर्षं झाली. आमच्या तालुक्याच्या गावीही नगरपंचायत झाली आणि काही काळाने एका वस्तीत नोटिसा आल्या. आमच्या गटातल्या एक मावशी ती नोटीस घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांना वाचता येत नाही, म्हणून मी मोठ्याने वाचून दाखवली. आपण राहत्या जागेत पक्षी व जनावरे पाळून सार्वजनिक आरोग्यास उपद्रव निर्माण करीत आहात, सबब सात दिवसांच्या आत ती हलवावीत, अन्यथा जप्त करण्यात येतील व खर्च आपणांकडून वसूल केला जाईल, असा मजकूर. मावशींकडे नऊ कोंबड्या, एक कोंबडा आणि दोन शेळ्या. त्या एवढंच म्हणाल्या, "ताई, हलवा म्हंजे कुठं हलवू? माझं घरच एवढंसं."

त्या कागदावर आणखी एक गोष्ट माझ्या नजरेत भरली. मावशींचं घर नवऱ्याच्या नावावर. लाइटचं बिल सासऱ्यांच्या नावावर, ते जाऊन दहा वर्षं झाली तरी. रेशनकार्डावर काल-परवापर्यंत कुटुंबप्रमुख म्हणून नवराच. आयुष्यात पहिल्यांदा सरकारी कागद त्यांच्या स्वतःच्या नावाने आला, तो हा. साहेबांनी वस्तीत येऊन 'कोंबड्या कोणाच्या?' असं विचारलं आणि सगळ्यांनी मावशींकडे बोट दाखवलं. तसं बघितलं तर त्यात चूक काहीच नव्हतं. कोंबड्या त्यांच्याच होत्या.

आणि हाच तर खरा मुद्दा आहे. गरिबाच्या घरात बाईच्या मालकीचं असतं तरी काय? जमीन असलीच तर सातबारा पुरुषाच्या नावावर. बैल, म्हैस घरात आली तरी बाजारात तिचा सौदा पुरुषच करतो. सोनं असतं, पण ते मोडायचं म्हटलं की चार माणसं बसतात. कोंबडी आणि शेळी मात्र तिची. पिल्लं तिने मोजलेली असतात, रात्री डालगं तिनेच झाकलेलं असतं आणि अडीनडीला कोंबडी विकायची झाली तर तिला कुणाची सही लागत नाही. अंधार पडला की हात घालून धरायची, सकाळी बाजारात न्यायची, झालं.

मी मावशींबरोबर बसून वहीत हिशेब मांडला. गावरान कोंबडी वर्षाकाठी साठेक अंडी देते. त्यातली काही घरात पोरांच्या पोटात जातात, काही खुडूक कोंबडीखाली बसवतात, एकवीस दिवसांनी पिल्लं निघतात. त्यातली काही मांजर नेते, काही घार नेते, काही मानमोडीने जातात. उरलेली अंडी आमच्याकडे पंधरा रुपयांना एक अशी जातात, तीनशे गेली तरी साडेचार हजार. वर्षाला आठ-दहा तलंगा-कोंबडे विकले जातात, तो पैसा वेगळा. शेळी पाच महिन्यांत विते, बहुतेक वेळा जुळी देते. दोन शेळ्यांमागे वर्षाला तीन करडं विकली तरी पंधरा हजारांच्या पुढे जातं. सगळं मिळून पंचवीस हजारांच्या आसपास. तुम्हा-आम्हाला हा आकडा फार वाटणार नाही. पण दुसऱ्याच्या घरची भांडी घासून मावशींना जे मिळतं, त्याच्या शेजारी ठेवून बघा. शिवाय या पैशावर घरात कुणाची नजर नसते. पोराच्या वह्या, सिलेंडर, बचत गटाचा हप्ता, लेकीचं पहिलं बाळंतपण हे सगळं त्यातूनच निघालं. शेळीला गरिबाची गाय म्हणतात ते उगाच नाही. मी तर म्हणेन, गरिबाच्या बायकोचं ते पासबुक आहे.

हे एका मावशीपुरतं नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात कोंबड्या आणि इतर पाळीव पक्षी मिळून सुमारे ८५ कोटी मोजले गेले. त्यातले जवळजवळ ३२ कोटी परसातले होते. आधीच्या गणनेपेक्षा परसातल्या पक्ष्यांची संख्या ४५ टक्क्यांहून जास्त वाढली होती. मोठ्या पोल्ट्रीतली वाढ त्या काळात पाच टक्क्यांच्याही आत होती. म्हणजे घरगुती कोंबडीपालन ही जुनी, मरायला टेकलेली गोष्ट आहे असं जे आपण समजतो ते खरं नाही. शेळ्यांचं म्हणाल तर त्या गणनेत आपल्या महाराष्ट्रात एक कोटीच्या वर शेळ्या होत्या. या शेळ्या-कोंबड्या कोण सांभाळतं, हे कुठल्याही वस्तीत सकाळी सातला जाऊन बघावं.

मग कायदा काय सांगतो? नोटीस हातात घेऊन मी जरा शोधाशोध केली. कायद्याची पुस्तकं वाचायची मला सवय नाही, कला शाखेची पदवीधर मी! पण जे हाती लागलं ते मजेशीर आहे. जनावरांनी दुसऱ्याच्या शेतात, रस्त्यात शिरून नुकसान केलं तर त्यांना कोंडवाड्यात घालायचा कायदा इंग्रजांनी १८७१ साली केला. त्यात 'गुरं' म्हणजे काय याची यादी दिली आहे. त्या यादीत हत्ती आहे, उंट आहे, घोडा, गाढव, डुक्कर, मेंढी, शेळी आणि शेळीचं करडूसुद्धा आहे. कोंबडी नाही! मुंबई महापालिकेचा १८८८ चा कायदा म्हणतो की डुक्कर पाळायचं तर आयुक्तांची लेखी परवानगी हवी, आणि कुठलंही जनावर उपद्रव होईल किंवा धोका होईल अशा रीतीने पाळू नये. पुढे १९७६ साली राज्याने शहरी भागात गुरं पाळण्यावर आणि त्यांची ने-आण करण्यावर नियंत्रण आणणारा कायदा केला, परवाना लागू केला. त्याच्या मागे शहरातल्या म्हशींच्या तबेल्यांचा प्रश्न होता. मुंबईतले तबेले बाहेर काढायला १९४९ साली आरे कॉलनी उभी राहिली, तोच हा जुना प्रश्न. पण एक गोष्ट लक्षात घ्या. म्हशींना बाहेर काढताना सरकारने त्यांच्यासाठी गोठे बांधले, कुरणं राखली, दूध गोळा करायची सोय केली. 'सात दिवसांत हलवा' एवढंच म्हणून ते मोकळे झाले नाहीत.

नगरपंचायतींना लागू असलेला कायदा १९६५ चा. त्यात उपद्रव रोखायचे अधिकार आहेत, आणि आपल्या गावापुरते नियम म्हणजे उपविधी करायचेही अधिकार आहेत. म्हणजे कायद्याचा सगळा भर 'उपद्रव' या शब्दावर आहे. कोंबडी पाळणं हा गुन्हा नाही, उपद्रव करणं हा दोष आहे. पण मग उपद्रव कशाला म्हणायचं? किती कोंबड्यांपर्यंत चालेल? शेजाऱ्याच्या भिंतीपासून किती अंतर हवं? खुराडं किती दिवसांनी साफ करायचं? हे लिहून ठेवलेलं असेल तरच बाईला आपण नियमात बसतो की नाही ते कळणार. म्हणून आमच्या गटाने रीतसर अर्ज करून उपविधीची प्रत मागितली. ती मिळेना, तेव्हा माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. महिन्याने उत्तर आलं. कोंबड्या-शेळ्या पाळण्याबाबत असा स्वतंत्र उपविधी मंजूर झालेला नाही, असं त्यात लिहिलं होतं. तोपर्यंत मावशींनी सहा कोंबड्या मिळेल त्या भावाने विकल्या होत्या आणि शेळ्या बहिणीच्या गावी धाडल्या होत्या. तिथून त्या परत येतील असं मला वाटत नाही.

आता गंमत बघा. मोठ्या पोल्ट्रीवाल्यांसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. सुधारित स्वरूपात ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. पाच हजारांहून जास्त पक्षी असतील तर प्रदूषण मंडळाची संमती घ्यावी लागते. वस्तीपासून अंतर किती, पाण्यापासून किती, विष्ठेचं काय करायचं, मेलेल्या कोंबड्यांचं काय करायचं, सगळं लिहिलेलं आहे. ते बरोबरच आहे. पण त्यामुळे पोल्ट्रीवाल्याला निदान हे ठाऊक असतं की एवढं केलं तर आपलं शेड चालू राहील. नऊ कोंबड्यांच्या मालकिणीला असं काहीच ठाऊक नसतं. तिला नियम नाही, म्हणून नियमाचं संरक्षणही नाही. साहेबांच्या मनात आलं तर उपद्रव, नाही आलं तर नाही!

तुमच्यातल्या काही जणी म्हणतील, अहो, पण शेजाऱ्यांनी काय करायचं? पहाटे चारला आरवणारा कोंबडा तुमच्या उशाशी असता तर? हा प्रश्न अगदी रास्त आहे. मी स्वतः दोन खोल्यांच्या चाळीत दिवस काढले आहेत. पावसाळ्यात भिजलेल्या खुराड्याचा वास काय असतो ते मला ठाऊक आहे. कुंडीतली तुळस शेळीने खाल्ली की घरातली सासू कशी पेटते तेही बघितलं आहे. दाट वस्तीत घराला घर लागून असताना पन्नास कोंबड्या ठेवू नयेत, गटारावर खुराडं बांधू नये, शेळ्या रस्त्यावर मोकाट सोडू नयेत, हे मलाही मान्य आहे. तक्रार करणाऱ्यांतही बायकाच जास्त असतात, कारण अंगण झाडायचं त्यांनाच असतं. गावाला स्वच्छ सर्वेक्षणात नंबर हवा असतो. तोही हवाच. माझं म्हणणं एवढंच आहे की 'कसं पाळायचं' ते सांगा. 'पाळूच नका' हे सगळ्यात सोपं उत्तर आहे, आणि सोपं आहे म्हणूनच ते दिलं जातं.

दुसरा मुद्दा रोगाचा. तो जास्त गंभीर आहे. १८ फेब्रुवारी २००६ ला आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आल्याचं जाहीर झालं. देशातली ती पहिलीच साथ. नवापूरच्या मोठ्या पोल्ट्र्यांतल्या लाखो कोंबड्या मारल्या गेल्या. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यात साथ सापडली ती घरोघरच्या कोंबड्यांमध्ये. त्या वेळी सरकारी पथकं दारोदार फिरली. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला शेकडो कोंबड्या मेल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. ती पोल्ट्री एका बचत गटाची होती, हे वाचून मला त्या दिवशी जेवण गेलं नव्हतं. त्याच वर्षी जुलैमध्ये दिल्लीच्या एम्समध्ये या रोगाने एका लहान मुलाचा मृत्यू झाला. तेव्हा 'कोंबड्यांना काही होत नाही हो' असं म्हणून हात झटकता येणार नाहीत.

पण नेमकं इथेच जरा थांबून विचार करायला हवा. साथ आली तर ती लवकर कळणं सगळ्यात महत्त्वाचं. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबाबत २००९ चा केंद्राचा कायदा आहे. त्याप्रमाणे जनावरात रोगाचं लक्षण दिसलं तर मालकाने कळवायचं असतं. आता सांगा, जिच्या कोंबड्या आधीच बेकायदा ठरवल्या आहेत ती बाई, 'साहेब, माझ्या चार कोंबड्या मेल्या' असं सांगायला कार्यालयात जाईल का? ती रात्री खड्डा खणून पुरेल, नाहीतर उरलेल्या घाईघाईने बाजारात विकेल. म्हणजे रोग चार घरांवरून चाळीस घरांत. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं आपल्या आज्या म्हणायच्या. बंदी घातली म्हणून कोंबड्या नाहीशा होत नाहीत, त्या फक्त दिसेनाशा होतात. आणि न दिसणाऱ्या कोंबडीला लस कोण टोचणार?

त्यात नुकसानभरपाईची तऱ्हा बघा. २०२१ च्या साथीत राज्याने जे दर जाहीर केले त्यात अंडी देणाऱ्या मोठ्या कोंबडीला ९० रुपये, मोठ्या ब्रॉयलरला ७० रुपये आणि अंड्याला ३ रुपये होते. पोल्ट्रीतल्या पांढऱ्या कोंबडीच्या हिशेबाने ते असतील ठीक. पण गावरान कोंबडी आमच्या बाजारात चारशे-पाचशेला जाते. शिवाय भरपाई मिळते ती पथकाने मारलेल्या पक्ष्यांची. आधीच रोगाने मेले त्यांची नाही. म्हणजे जी बाई लवकर कळवेल तिच्या पदरात चार पैसे पडणार आणि जी घाबरून उशीर करेल तिला काहीच नाही. हे त्या बाईला कुणी समजावून सांगितलं आहे? तिचं नाव, तिच्या कोंबड्यांची संख्या कुठल्या वहीत आहे? नोंदच नसेल तर पंचनाम्यात आकडा कुठून येणार?

शहरातलं हे झालं. खेड्यात काय आहे? तिथे कोंबडीला कुणी फारसं बोलत नाही, पण शेळीवर गदा येते ती 'चराईबंदी'च्या नावाने. १९९२ पासून आपल्याकडे आदर्श गाव योजना आहे. तिची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे: श्रमदान, नशाबंदी, नसबंदी, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या (तेव्हाच्या अहमदनगर) हिवरे बाजारने डोंगर राखला, पाणी अडवलं, गवत वाढलं, गावातलं दूध कित्येक पटींनी वाढलं. हे यश खरं आहे, ते बघायला आम्ही बसभरून बायका गेलो होतो. उघड्या डोंगरावर रोप जगवायचं असेल तर काही वर्षं शेळीला आवरावंच लागतं, यात वाद नाही.

पण दुसऱ्या गावांनी जेव्हा तो धडा गिरवला, तेव्हा कुणाकडून काय गेलं हे बघायला हवं. ज्याच्याकडे बागायत आहे त्याने शेळ्या नव्हत्याच पाळल्या, त्याच्याकडे संकरित गाई. त्याला बांधावरचं गवत पुरतं, डोंगर बंद झाला तरी त्याचं अडत नाही, उलट विहिरीला पाणी वाढतं. शेळ्या होत्या त्या भूमिहीन बाईच्या, विधवेच्या, परित्यक्तेच्या. डोंगर बंद झाला की तिच्यापुढे दोनच वाटा. एक, शेळ्या विकायच्या. दोन, त्या दावणीला बांधायच्या आणि चारा डोक्यावरून आणायचा. आणि तो चारा कोण आणतं? ती स्वतः, नाहीतर तिची बारा वर्षांची लेक. ठराव ग्रामसभेत टाळ्यांनी पास होतो. त्याची किंमत एका पोरीच्या शाळेने चुकती होते. जिथे राखलेल्या रानातलं गवत कापून न्यायला आधी भूमिहीन बायकांना मुभा मिळाली, जिथे एक डोंगर बंद आणि एक उघडा अशी पाळी लावली, तिथे हा भार हलका झाला. म्हणजे उपाय असतो. विचारणारं कुणी असावं लागतं.

आणखी एक विसंगती सांगते. याच राज्यात पशुसंवर्धन खात्याची दहा शेळ्या आणि एक बोकड देण्याची योजना आहे. सर्वसाधारण गटाला निम्मं अनुदान, अनुसूचित जाती-जमातींना ७५ टक्के. परसात वाढवायला गिरिराज, वनराज अशा जातींची पिल्लंही मिळतात, बचत गटांना त्याचं प्रशिक्षण दिलं जातं. मी स्वतः अशा प्रशिक्षणाला बायका पाठवल्या आहेत. म्हणजे एक खातं टाळ्यांच्या गजरात बाईच्या हातात शेळीचं दावं देतं, फोटो काढतं. आणि दुसरं कार्यालय तीच शेळी उपद्रव म्हणून हलवायला सांगतं. या दोन टेबलांनी एकदा समोरासमोर बसून चहा प्यायला काय हरकत आहे?

विचारणारं कुणी असावं लागतं, असं मी म्हटलं. त्याचं एक उदाहरण शेजारच्या गुजरातचं आहे. तिथल्या विधानसभेने २०२२ च्या मार्चअखेर शहरी भागात गुरं पाळण्यावर नियंत्रण आणणारं विधेयक मंजूर केलं. परवाना, टॅग, दंड, तुरुंगवास असं सगळं त्यात होतं. मालधारी समाज पिढ्यान्‌पिढ्या गाई राखणारा. तो रस्त्यावर उतरला. शेवटी राज्यपालांनी विधेयक परत पाठवलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये विधानसभेने ते मागे घेतलं. मोकाट गुरांमुळे तिथे अपघात होतात, माणसं जखमी होतात, तो प्रश्न मागे घेतल्याने सुटला असं मी म्हणत नाही. पण त्या लोकांचं म्हणणं ऐकावं लागलं, कारण ते एकत्र होते, संघटित होते, त्यांची मतं मोजता येत होती. नऊ कोंबड्यांच्या मावशींचा कुठला समाज, कुठली संघटना? त्या सगळ्या जातींत आहेत, सगळ्या धर्मांत आहेत, म्हणूनच कुठेच मोजल्या जात नाहीत.

मला सगळ्यात जास्त सलतं ते पुढेच आहे. गाव ग्रामपंचायत होतं तेव्हा बाईला बोलायला एक जागा होती. आपल्या राज्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी असा कायदा आहे. ती सभा अनेक ठिकाणी कागदावरच होते, वहीवर सह्या घेऊन मोकळे होतात, हे मला माहीत आहे. पण निदान हक्क होता, भांडायला आधार होता. गाव नगरपंचायत झालं की ग्रामसभा जाते. तिच्याबरोबर महिला सभाही जाते. वॉर्ड समित्या घटनेने सांगितल्या आहेत त्या तीन लाख आणि त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांना. वीस-पंचवीस हजारांच्या गावाला त्या नाहीत. म्हणजे मोठ्या शहरातलं व्यासपीठ नाही आणि खेड्यातलं होतं ते गेलं. नियम वाढले आणि नियमांवर बोलायची जागा तेवढी कमी झाली. मावशींच्या खुराड्याची गोष्ट मला म्हणूनच लहान वाटत नाही. आज कोंबडी आहे, उद्या फूटपाथवरची भाजीची पाटी असेल, परवा घरातली पापड-लोणची असतील. बाईच्या हातातली चार पैशांची प्रत्येक गोष्ट कुठे ना कुठे कुणाला तरी उपद्रव वाटू शकते.

मग करायचं काय? मला सुचतं ते सांगते. पहिलं म्हणजे आपल्या नगरपंचायतीत, नगरपालिकेत याबाबत उपविधी आहे का ते विचारा. नसेल तर नोटीस कुठल्या कलमाखाली दिली ते लेखी मागा. दुसरं, उपविधी करायचाच असेल तर साधा आणि पाळता येईल असा करा. घरामागे कोंबड्यांची संख्या ठरवा, दाट वस्तीत कोंबडा नको असेल तर तसं लिहा (अंड्यांना कोंबडा लागत नाही, पिल्लांना लागतो, हे पुष्कळ साहेबांना माहीत नसतं!). शेजारच्या भिंतीपासूनचं अंतर लिहा, साफसफाईचा नियम घाला, विष्ठा घंटागाडीत की खतात तेही सांगा. तिसरं, बचत गटामार्फत नोंद करा, आणि ती बाईच्या नावावर करा. वर्षातून ठरावीक दिवशी मानमोडीची लस वस्तीत येऊन द्या. नोंद असली की लसही पोचेल, साथ आली तर खबरही लवकर मिळेल आणि भरपाईचा पंचनामाही नीट होईल. चौथं, नोटिशीआधी एकदा समज द्या, मुदत निदान एक वेत संपेल इतकी तरी द्या. गाभण शेळी सात दिवसांत कुणी विकत घेत नाही, घेतली तर कवडीमोलाने घेतं.

यात कशालाच मोठा पैसा लागत नाही. लागते ती इच्छा. आणि इच्छा निर्माण करायची ताकद आपल्याकडे आहे. राज्यातल्या स्थानिक संस्थांत २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांना आहेत. सतरा जणांच्या नगरपंचायतीत नऊ जणी बाया असतात. बहुमत आहे, मैत्रिणींनो! त्यातल्या कितीतरी जणींच्या माहेरी परसात खुराडं होतं, शाळेची फी कोंबडी विकून भरलेली आहे. त्यांनी सभागृहात हा विषय काढला तर त्यांना कुणी हसणार नाही. आणि हसलं तर हसू द्या.

म्हणून पुढच्या वेळी पेपरात त्या तीन ओळी दिसल्या की पान उलटू नका. आपल्या वॉर्डातल्या नगरसेविकेला फोन करा. खेड्यात असाल तर पुढच्या ग्रामसभेआधीच्या महिला सभेला खरंच जा, नुसती सही करून येऊ नका. आणि एकच प्रश्न विचारा: हा नियम करण्याआधी, ज्या बायकांची ही जनावरं आहेत त्यांच्यापैकी कुणाला विचारलंत का? उत्तर 'नाही' आलं, तर तो विषय पुढच्या सभेपर्यंत थांबवा म्हणावं. तेवढा हक्क आपल्याला नक्की आहे.